शून्य ते चार

२ सप्टेंबर

नव्या कामासाठी नवी वही घेतली. जुन्या दैनंदिनीत बरीच पानं शिल्लक आहेत, पण ती फेब्रुवारीपासून कोरी आहेत, आणि एवढी कोरी पानं ओलांडून मधूनच लिहायला सुरुवात करणं माझ्या स्वभावात बसत नाही.

काम असं आहे. आमच्या मानसशास्त्र विभागाच्या प्रमुख मॅडमनी एक प्रश्नावली तयार केली आहे. एखाद्या भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाच्या मनावर त्याचा वळ राहिला आहे का, हे तिने शोधायचं. प्रश्न बावीस. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे ‘अजिबात नाही’ आणि चार म्हणजे ‘फारच’. बेरीज तेहतीसच्या वर गेली की माणसाला मदत हवी. मी विभागातला संख्याशास्त्राचा मास्तर, तेव्हा माणसं तपासायची प्रश्नावलीने आणि प्रश्नावली तपासायची मी. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अहवाल हवा आहे.

बायकोने विचारलं, “म्हणजे नेमकं काय बघणार?”

“दोन गोष्टी. विश्वसनीयता आणि सप्रमाणता. आपला बाथरूममधला वजनकाटा घे. रोज तोच आकडा दाखवतो, म्हणून तो विश्वसनीय. पण चार किलो कमी दाखवतो, म्हणून सप्रमाण नाही.”

“म्हणूनच तो मला आवडतो,” ती म्हणाली. “आणि तुमच्यासारखाच आहे. कधीही विचारा, ‘मी ठीक आहे’.”

उदाहरण तिला नीट कळलेलं दिसत नाही.

विभाग पाचव्या मजल्यावर आहे. हल्ली मी जिन्यानेच जातो. या वयात व्यायाम हवा. चहा तळमजल्यावर मिळत असल्याने दिवसातून तीन वेळा होतो.

४ सप्टेंबर

लोकांना देण्याआधी प्रश्नावली स्वतः भरून बघावी, हा माझा नियम. सूचनेप्रमाणे ‘आयुष्यातला सर्वांत भीतिदायक प्रसंग’ डोळ्यांसमोर आणायचा होता. माझ्या आयुष्यात तसं काही घडलेलं नाही. अगदी काहीतरी हवं म्हणून विभागाची लिफ्ट धरली. फेब्रुवारीत ती माझ्यासकट दोन मजले खाली कोसळली, मधेच अडकली, दिवे गेले, आणि मला बाहेर काढायला साडेचार तास लागले. साधं खरचटलंसुद्धा नाही. बावीसच्या बावीस प्रश्नांना शून्य. लागलेला वेळ तीन मिनिटं दहा सेकंद. प्रश्नावली सुटसुटीत आहे.

सहाव्या प्रश्नाशी पेन जरा अडखळलं. ‘त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या जागा तुम्ही टाळता का?’ शाई संपत आली असावी.

७ सप्टेंबर, रविवार

आज नातीला भेटलो. दोन महिन्यांची झाली. लेक-जावई चौदाव्या मजल्यावर राहतात, पण भेट नेहमीप्रमाणे त्यांच्या इमारतीखालच्या बागेत झाली. लहान मुलांना मोकळी हवा हवी, असं मी पहिल्यापासून सांगत आलो आहे.

लेक आज गप्प गप्प होती. निघताना म्हणाली, “बाबा, तिची खोली बघायला एकदा वर या ना. आई पाच वेळा येऊन गेली.”

मी म्हटलं, “येणार आहे. गुडघा जरा बरा होऊ दे.”

“जिना कोण चढायला सांगतंय? लिफ्ट आहे.”

“लिफ्टनेसुद्धा गुडघ्यावर ताण येतो,” मी म्हणालो. हे वैद्यकीयदृष्ट्या कितपत खरं आहे, बघायला हवं.

बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचंही काहीतरी बिनसलंय. घरात मी एकटाच शांत आहे.

१० सप्टेंबर

नमुना ठरला. जवळच्या फायर स्टेशनातले अडतीस फायरमन. आगी, अपघात, कोसळलेल्या भिंती, सगळं रोजचं. प्रश्नावलीला याहून चांगली माणसं मिळणं कठीण. एकदा भरून घ्यायची, पंधरा दिवसांनी पुन्हा भरून घ्यायची आणि दोन्हीतली उत्तरं जुळतात का बघायचं.

स्टेशनप्रमुखांनी गठ्ठा ठेवून घेतला. म्हणाले, “आमच्याकडे सगळं शिस्तीत होतं. परवा या.”

अंगणात एक मिशाळ, रुंद खांद्यांचा गृहस्थ शिडी धूत होता. शिडीच्या गाडीची जबाबदारी त्याच्याकडे, म्हणून सगळे त्याला शिडीवाले म्हणतात. तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग हसून हात केला. माझी त्याची ओळख नाही. मीही सभ्यपणाने हात केला आणि निघालो. छातीत थोडं धडधडलं. सकाळी दोन कप चहा झाला होता.

१२ सप्टेंबर

अडतीसच्या अडतीस प्रश्नावल्या परत आल्या. एकही कोरी नाही, एकही खाडाखोड नाही, कडेला कडा लावून बांधलेल्या. असं शिस्तबद्ध काम आमच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यात केलेलं नाही. फार आनंद झाला.

१३ सप्टेंबर

आनंद चोवीस तास टिकला.

आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायला घेतले. पहिला फायरमन, बावीस शून्यं. दुसरा, बावीस शून्यं. दहाव्यापर्यंत मला वाटलं, काटक माणसं आहेत. विसाव्याला शंका आली. अडतीसाव्यापर्यंत एकूण आठशे छत्तीस शून्यं झाली. विश्वसनीयता काढायला गेलो तर कॉम्प्युटरने गणित करायलाच नकार दिला. सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर माणसामाणसात फरकच उरत नाही, आणि मग शून्याने भागायची पाळी येते. शून्याने भागणं त्यालाही जमत नाही.

मॅडमना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. “अडतीस फायरमन. आणि यांना एक वाईट स्वप्नसुद्धा पडत नाही?”

“असं दिसतंय खरं.”

“मला या विभागाची वाईट स्वप्नं पडतात. इथे तर कधी आगही लागली नाही. जा आणि काय झालं ते विचारून या.”

मी गेलो. कळलं ते असं. सकाळच्या हजेरीला सगळ्यांना रांगेत उभं केलं. स्टेशनप्रमुखांनी मोठ्याने वाचलं, “प्रश्न एक. शून्य. प्रश्न दोन. शून्य.” बावीस प्रश्न सात मिनिटांत उरकले आणि सगळे गाड्या धुवायला गेले.

“तुमचा वेळ वाचवला,” स्टेशनप्रमुख म्हणाले. त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की रागावताही येईना.

लोक स्वतःशी इतकं खोटं कसं बोलू शकतात, मला कळत नाही.

१५ सप्टेंबर

प्रश्नांची भाषा साध्या माणसाला कळते का, हे बघावं म्हणून बायकोला एक प्रत दिली. ती औषधांच्या दुकानात काम करते, रोज शंभर माणसांशी बोलते. तिने ओट्याशी उभं राहूनच भरली आणि मला दिली. बेरीज एक्कावन्न.

मी हादरलो. “तुला एवढा त्रास होतो आणि बोलली नाहीस?”

“माझी नाही. तुमची भरलीय.”

मी बघितलं तर समासात टिपणंही होती. प्रश्न दोन, झोपमोड, चार: ‘मलाही होते, यांच्यामुळे.’ प्रश्न सहा, जागा टाळणं, चार: ‘विभागाची लिफ्ट, लेकीचं घर, सिनेमा, माझ्या बहिणीचं घर (हे आधीपासून).’ प्रश्न अकरा, सतत सावध राहणं, चार: ‘आंघोळीला दार लावत नाहीत. कोणी येऊ नये म्हणून मोठ्याने गातात.’

“दाराची कडी ढिली आहे,” मी म्हणालो.

“कडी नवीन बसवून तीन महिने झाले. तुम्हीच बसवलीत.”

सूचनेत स्पष्ट लिहिलं आहे की प्रश्नावली स्वतःविषयी भरायची. सूचना न वाचल्यामुळे ही प्रत बाद केली. मात्र भाषा तिला कळते, एवढी नोंद घेतली.

१८ सप्टेंबर

पुन्हा फायर स्टेशन. या वेळी ठरवून शिडीवाल्यांना गाठलं, कारण बाकीचे त्यांचं ऐकतात. ते बाकावर बसून दोर गुंडाळत होते.

मी समजावलं की नावं लिहायची नाहीत, दुसऱ्या फेरीशी जोडता यावा म्हणून फक्त आपल्यालाच माहीत असलेली खूण करायची, कागद बंद पेटीत टाकायचे, स्टेशनप्रमुख तर काय, मॅडमसुद्धा बघणार नाहीत.

“सर, तीन वर्षांपूर्वी असाच एक कागद आला होता,” ते म्हणाले. “दोघांनी खरं लिहिलं. दोघांनाही गाडीवरून काढून फोनवर बसवलं. एक अजून फोनवरच आहे. चांगला माणूस, आता दिवसभर पत्ते लिहून घेतो. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना शून्य.”

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही भरलात का हो?”

“भरली. अर्थात.”

“किती आले?”

“शून्य.”

शिडीवाल्यांनी दोर खाली ठेवला आणि हसायला लागले. चांगलं मनापासून हसले. मग मिशी पुसत म्हणाले, “मला ओळखलं नाहीत ना? फेब्रुवारीत तुमची लिफ्ट मी फोडली. फटीतून हात आत घातला तर तुम्ही मनगट धरलंत. दार कापेपर्यंत सोडलं नाहीत. बाहेर आल्यावरही सोडलं नाहीत. ॲम्ब्युलन्समध्ये मला तुमच्याबरोबर बसावं लागलं. घड्याळाचा पट्टा तुटला.” त्यांनी मनगट दाखवलं. घड्याळ नव्या पट्ट्यात होतं.

मी म्हटलं, “मला नाही आठवत.”

“प्रश्न चार,” ते म्हणाले. “‘प्रसंगातला एखादा भाग आठवत नाही असं होतं का?’ मी कागदावर वाचला होता. शून्य.”

त्यांच्या सांगण्यात अतिशयोक्ती असावी. मी कोणाचं मनगट धरण्यातला माणूस नाही.

१९ सप्टेंबर

जुनी दैनंदिनी काढली. ११ फेब्रुवारीला लिहिलंय: ‘लिफ्ट बंद पडली. उशीर झाला.’ पुढे काही नाही. नवी वही घेईपर्यंतची कोरी पानं मोजली. दोनशे दोन.

एवढे दिवस लिहायला काही घडलं नसेल?

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी लेकीचा फोन आला. आईशी बोलली, माझ्याशी नाही. बायकोने फोन ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

“ती म्हणते, आता बाळाला खाली आणणार नाही. बाबांना आमचं लग्न पसंत नव्हतं हे माहीत होतं, पण नातीवर राग काढतील असं वाटलं नव्हतं, म्हणाली. रडत होती.”

“मला लग्न पसंत नव्हतं? मी त्या लग्नात भाषण केलं होतं.”

“वीस मिनिटं केलंत, ते सोडून द्या. पण तुम्ही तिच्या घरात पाय ठेवला नाहीत, तर तिने समजायचं काय? मी सांगू का तिला खरं कारण?”

“कुठलं खरं कारण?” मी विचारलं. ती उठून आत गेली.

तडक लेकीच्या घरी निघालो. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडून उभी होती. गुडघ्यासाठी जिनाच घेतला. जिन्याला खिडकी नाही. जड लोखंडी दार आपोआप मागे बंद झालं. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा दिवा गेला. तो ठरावीक वेळाने जातो आणि बटण दाबलं की येतो, हे मला खाली आल्यावर रखवालदाराकडून कळलं. त्या दोन मजल्यांवरून मी खाली कसा आलो, ते मात्र लिहिता येत नाही. शर्ट पाठीला चिकटला होता. रखवालदाराने पाणी दिलं आणि विचारलं, “कोणाकडे जायचंय?”

माझ्या तोंडून आलं, “कोणाकडे नाही.”

बागेतल्या बाकावर तासभर बसलो. चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत छोटे कपडे वाळत होते. मोजले. नऊ होते. मला माझी फार लाज वाटली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

२४ सप्टेंबर

आधी स्टेशनप्रमुखांना भेटलो आणि लेखी दिलं की कोणाचा कागद कोणाचा, हे शोधायचा कोणीही प्रयत्न करणार नाही. त्यांनीही सही केली. मग म्हणाले, “पेटीत मीही एक टाकला तर चालेल?”

अडतीस माणसं जेवणाच्या खोलीत टेबलांवर लांब लांब बसवली. पण पेनं कोणी उचलेना. सगळे शिडीवाल्यांकडे बघत होते आणि शिडीवाले माझ्याकडे.

“तुम्ही आधी,” ते म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण समोर बसलो आणि भरली. या वेळी तीन मिनिटं दहा सेकंद लागले नाहीत, अठ्ठावीस मिनिटं लागली. झोपेचा प्रश्न, चार. सहावा, चार. कडीचा प्रश्न म्हणजे अकरावा, तीन लिहिले आणि मग गाण्याचं आठवून चार केले. चौथ्याला आलो तेव्हा शिडीवाल्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि चार लिहिले. शेवटी बेरीज केली आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली.

“सत्तेचाळीस.”

खोलीत कोणी हसलं नाही. मागून एक तरुण फायरमन म्हणाला, “सर नुसत्या लिफ्टमध्ये सत्तेचाळीस?”

“नुसत्या लिफ्टमध्ये,” मी म्हणालो.

“मग आम्हाला जास्तीचे कागद लागतील,” तो म्हणाला, आणि तेव्हा सगळे हसले. आणि मग सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि खोलीत फक्त पेनांचा आवाज राहिला.

पेटी घेऊन निघताना जाणवलं, की तिथे बसलेल्यांत संख्याशास्त्राचा मास्तर मी आणि स्वतःचा आकडा मोजायला सर्वांत उशीर लावणाराही मीच.

२५ सप्टेंबर

आकडे भरले. तीनपासून एकसष्टपर्यंत सगळे निरनिराळे. एकोणचाळीस कागद, म्हणजे स्टेशनप्रमुखांनी शब्द पाळला. सोळा जण तेहतीसच्या वर. मी टेबलावर थाप मारून म्हणालो, “अप्रतिम.”

मॅडम दारात होत्या. “सोळा माणसं त्रासात आहेत आणि तुम्ही अप्रतिम म्हणताय?”

“त्यांनी सांगितलं म्हणून म्हणतोय.”

मॅडम आत आल्या आणि बसल्या. एक समुपदेशक दर बुधवारी स्टेशनात बसेल, नाव न विचारता, अशी व्यवस्था करू म्हणाल्या. मग माझा कागद उचलला. “हा सत्तेचाळीसवाला चाळिसावा कागद कोणाचा?”

“पूर्वचाचणीतला आहे. तीन आठवड्यांपूर्वी त्याने शून्य दिलं होतं.”

“मग त्याच्या बाबतीत प्रश्नावलीची विश्वसनीयता बुडाली.”

“हो,” मी म्हटलं, “पण सप्रमाणता आली.”

मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. “बुधवारी त्यालाही पाठवा. समुपदेशक तळमजल्यावर बसेल असं बघते.” म्हणजे त्यांनाही माहीत होतं. विभागाच्या शिपायालाही माहीत होतं, असं नंतर कळलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, एवढंच.

२८ सप्टेंबर, रविवार

लेकीला फोन केला. तिने उचलला नाही. तोंडी सांगायला गेलो असतो तर पुन्हा गुडघा आला असता. म्हणून भरलेली प्रश्नावली पाकिटात घातली आणि बायकोबरोबर वर पाठवली. गुप्ततेचा नियम मोडला, पण कागद माझाच आहे. मी बागेत थांबलो.

बायको अर्ध्या तासाने खाली आली. “वाचली,” म्हणाली. “दोनदा वाचली. मग घडी करून ठेवून घेतली.”

१ ऑक्टोबर

समुपदेशकाकडे गेलो. वयाने माझ्या लेकीएवढी मुलगी. तिने दार उघडं ठेवलं, मी न सांगता. काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण पाऊण तास बोललो. एका दमात चौदा मजले चढायचे नसतात, म्हणाली. एकेक मजला, आणि बरोबर भरवशाचं माणूस.

८ ऑक्टोबर

पंधरवडा झाला. दुसरी फेरी. दोन्ही वेळची उत्तरं छान जुळतात. माझे पंचेचाळीस. दोन गुण कमी झाले ते कडीचे. आता कडी लावतो, मात्र गाणं चालू आहे. बायको म्हणते, तेच आधी थांबवायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मी विचारलं होतं म्हणून शिडीवाले सुटीच्या दिवशी साध्या कपड्यांत लेकीच्या इमारतीखाली आले. बरोबर लाकडाच्या पाचरी आणल्या होत्या. प्रत्येक मजल्यावरचं जिन्याचं दार उघडून त्याखाली पाचर ठोकायची, म्हणजे उजेडही येतो आणि मागे काही बंद होत नाही.

“ही दारं आगीसाठी बंद ठेवायची असतात,” ते म्हणाले. “फायरमनने ती उघडी ठेवणं चुकीचं आहे. म्हणून उतरताना मीच सगळ्या पाचरी काढणार आहे, आणि आज इथे मी नव्हतो.”

पहिला मजला. दुसरा. दुसऱ्यावर थांबलो, कारण तिथलं मला माहीत होतं. बायको मागे होती. “गा,” ती म्हणाली. मी गायलो. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी दार उघडून बघितलं. चौथा, पाचवा. सहाव्यावर दोन्ही हातांनी कठडा धरला. शिडीवाल्यांनी मनगट पुढे केलं. मी धरलं. सातव्यावर पायरीवर बसलो आणि म्हणालो, “आज एवढंच. पुढचं नाही जमत.”

“चालेल,” शिडीवाले म्हणाले.

तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. लेक खाली येत होती, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात बाळ. तीही सात मजले उतरून आली होती. माझ्या शेजारी पायरीवर बसली. मग खिशातून घडी केलेली प्रश्नावली काढली.

“बाबा, तेराव्या प्रश्नाला, ‘जवळच्या माणसांवर राग येतो का’, तुम्ही दोन लिहिलेत.”

“ते तुझ्या आईसाठी आहेत.”

“मला किती?”

“तुला शून्य,” मी म्हणालो. “आणि हे शून्य खरं आहे.”

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडलो, आणि ते इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे, म्हणजे पुढे आठवत नाही असं म्हणता येणार नाही.

मग तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं. बाळाने माझं बोट पकडलं. घट्ट, अख्खी मूठ लावून. चष्मा पुसायला बोट सोडवायला गेलो तर सोडेना. लेकीने प्रयत्न केला, तरी सोडेना.

शिडीवाले वाकून बघत होते. स्वतःच्या घड्याळाच्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, “सर, ही तुमच्यावर गेलीय.”